मागच्या गल्लीतली मित्रकीड

ज्याला आपली कीड ओळखता येत नाही त्याला फळ खाण्याचा अधिकार नाही, हे सत्य शेतकऱ्यांना कधी कळलं नाही, कृषी खात्याला कळलं पण खात्याबाहेर गेलं नाही, आणि आमच्या वनश्री कॉलनीला मात्र एका रविवारच्या सभेत, चहा यायच्या आतच, कळलं. मी त्या सभेचा सचिव. तालुक्यात सध्या आमच्याविषयी नको नको ते बोललं जातं, म्हणून खरा प्रकार लोकांपुढे ठेवणं माझं कर्तव्य आहे.

आमची कॉलनी ब्रह्मपुरीच्या अगदी टोकाला. रहिवासी बहुतेक निवृत्त आणि सुशिक्षित, म्हणजे दिवसभर मोकळे. प्रत्येक घरामागे परस, परसात लिंबू, सीताफळ आणि जाम. (पुण्याकडचे लोक जामाला पेरू म्हणतात. त्यांचं त्यांना लखलाभ.) परसामागे भिंत, भिंतीमागे अरुंद गल्ली, आणि गल्लीपलीकडे जे काही माजलेलं आहे त्याला सरकारदरबारी 'झुडपी जंगल' असं नाव आहे. सरकारच्या मते ते पुरतं जंगल नाही, आमच्या मते ते पुरतं सरकारचं नाही. कचरा टाकायला बरं पडतं.

कॉलनीला पुढून मोठं लोखंडी गेट आहे. त्यातून रहिवासी, पाहुणे, गाड्या आणि गॅसचे सिलिंडर येतात. भांडी-झाडूवाल्या बाया मागच्या गल्लीनं येतात. यात भेदभाव म्हणाल तर तिळमात्र नाही. त्यांच्या टोलीतून, म्हणजे वस्तीतून, ती गल्ली जवळ पडते म्हणून ही सोय केलेली आहे. (पुढचं गेटच जवळ पडतं असं काही बाया म्हणतात. पण कॉलनीचा नकाशा आमच्याकडे आहे.)

तर त्या रविवारी 'नैसर्गिक परसबाग मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष गुणवंतराव, निवृत्त प्राचार्य. त्यांच्या वाक्याला पूर्णविराम त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाताई देतात, म्हणून त्या उपाध्यक्ष. बाजारातल्या फळात विष असतं हे ज्योत्स्नाताईंना सकाळी मोबाईलवर समजलं होतं, आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा खवखवायला लागला होता. पुराव्याला आणखी काय लागतं? परसात यापुढे एकही रसायन येणार नाही, असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला.

पुढची कामं शास्त्रशुद्ध झाली. निंबोळ्या कुटल्या. दहा झाडांचा पाला गोमूत्रात महिनाभर कुजवून दशपर्णी अर्क केला. तो कुजत असताना कॉलनीत पाहुणे येणं बंद झालं, हा अनपेक्षित लाभ. जामावरचा पांढरा पिठ्या ढेकूण त्या अर्कानं मेला की नाही हे सांगता येत नाही, कारण त्या वासात परसात जाऊन पाहण्याची छाती कोणाची नव्हती. वार्षिक अहवालात आम्ही 'मेला' असं लिहिलं.

याच काळात गुणवंतरावांनी आम्हाला मित्रकिडीचा सिद्धांत समजावला. जी कीड आपलं फळ खाते ती शत्रुकीड. जी शत्रुकिडीला खाते ती मित्रकीड. ढालकिडा माव्याला खातो, म्हणून तो मित्र. तो ढालकिडा आणखी काय काय करतो, कोणाच्या घरात शिरतो, याची चौकशी करायची नसते. निसर्ग आपला बंदोबस्त आपणच करतो, आपण फक्त मध्ये पडायचं नाही. इतकं सोपं शास्त्र मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

मग हिवाळ्यात जाम धरले आणि वानरं आली.

वानर ही कीड आहे की नाही यावर दोन सभा झाल्या. ते फळ खातं, फांदी मोडतं आणि वरून आपल्याकडे बघत राहतं, ही सगळी लक्षणं जुळल्यानं त्याला शत्रुकिडीत घालण्यात आलं. फटाके लावावे तर बारूद हे रसायनच. गुलेरीनं दगड मारावा तर हिंसा. शेवटी गुणवंतरावांच्या जावयानं नागपूरहून मखमलीचे वाघ पाठवले, पोरं कुशीत घेऊन झोपतात तसले, पण मापानं चांगले दांडगे. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीवर एकेक वाघ तारेनं बांधून बसवला. पलीकडे खऱ्या वाघांचं राज्य आणि अलीकडे आमचे कापसाचे वाघ, असा तो देखावा होता. वर्तमानपत्रात फोटोही आला.

वाघांना पहिल्यांदा फसली ती सुगंधाबाई. ही चार घरची भांडी करते आणि चारही घरच्या बातम्या पाचव्या घरी पोचवते. गल्लीत वाघ पाहून तिनं हातातली बादली टाकली आणि 'आई वं' म्हणत जी पळाली ती टोलीत जाऊनच थांबली. कॉलनी आठवडाभर हसत होती. ज्योत्स्नाताई तर हळदीकुंकवाला तिच्याच तोंडून तो किस्सा वदवून घ्यायच्या. वानरं मात्र आठवडाभरही फसली नाहीत. एक धटिंगण वानर तर भिंतीवर वाघाच्या गळ्यात हात टाकून, निवांत जाम खात बसलेलं मी स्वतः पाहिलं.

आणि अचानक वानरं नाहीशी झाली. एकाएकी! झाडं फळांनी वाकली. मंडळाची छाती फुगली. वाघांचा परिणाम थोडा उशिरा होतो, असा निष्कर्ष निघाला आणि तो इतर गावांना कळवावा असं ठरलं.

अशा मंगल प्रसंगी सुगंधाबाई सभेच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, तुमच्या वाघानं आज कान हालवले."

"वाऱ्यानं हलले असतील," गुणवंतराव म्हणाले.

"वारा कुठी हाय? अन् तो वाघ नोहे, बिबट हाय. शेपटी खाली सोडून बसून राह्यला होता, तुमच्याच जामाखाली. मी पाह्यलं त्याले, अन् त्यानं मले पाह्यलं."

मंडळानं हे विधान तपासलं. सुगंधाबाईच्या मावशीचं त्या एका वर्षात तीनदा निधन झालेलं होतं, प्रत्येक वेळी सणाच्या आसपास. कापसाच्या वाघाला भिऊन पळाल्याचाही तिचा इतिहास होताच. कॉलनीच्या भिंतीवर दिसणारा कोणताही वाघ, बिबट वा तत्सम प्राणी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत मंडळाचाच समजावा, असा ठराव झाला.

"बरं, नका मानू," सुगंधाबाई म्हणाली. "पन मले उद्यापासून पुढच्या गेटानं येऊ द्या."

आता बघा, माणसाच्या मनात काय असतं ते कसं आपोआप बाहेर येतं! बिबट निमित्त, डोळा गेटावर. आज एक बाई आली तर उद्या दहा येतील, परवा त्यांची पोरं येतील, आणि गेट म्हणजे बसस्टँड होईल. मागणी फेटाळण्यात आली. सुगंधाबाई जाताना काहीतरी पुटपुटली. ते कार्यवृत्तात घेण्यासारखं नव्हतं.

चार दिवसांनी वनरक्षक धनराज आला. त्याला कोणी बोलावलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. तो गल्लीत वाकून वाकून हिंडला, पंजे मोजले, वाळलेली विष्ठा काडीनं उकलली आणि त्यातले करडे केस आमच्या नाकासमोर धरले.

"हे वानराचे केस हायत, सर. बिबट हाय, पक्का. मादी दिसते. तुमच्या जामावर बसून वानरं धरून राह्यली ते."

सभेत क्षणभर शांतता पसरली. भीतीची होती असं कोणी समजू नये. ती अभिमानाची होती.

"म्हणजे शत्रुकीड खाते आहे," गुणवंतराव हळूच म्हणाले.

"काय?"

"मित्रकीड!" ज्योत्स्नाताईंनी पूर्णविराम दिला.

धनराजनं आमच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात. मग त्यानं खात्याचं म्हणणं सांगितलं: झुडपं तोडा, कचरा उचला, खेळण्यातले वाघ काढा, गल्ली बंद ठेवा. आणि मादी जिथं उतरते तिथं, म्हणजे गुणवंतरावांच्या परसात, पिंजरा लावू द्या.

पिंजऱ्याला गुणवंतरावांची तत्त्वतः हरकत नव्हती. पण तो जिथं ठेवायचा तिथं कोथिंबिरीचा वाफा होता, आणि पिंजऱ्याच्या वजनानं जामाची मुळं दबली असती. शिवाय मित्रकीड पकडली की शत्रुकीड परत येणार, हे शाळकरी पोरालाही कळतं. मंडळानं एकमतानं ठराव केला की सदर बिबट मादी ही पूर्णतः जैविक असून तिच्या कार्यात कोणीही अडथळा आणू नये. रहिवाशांना धोका नव्हताच. आमच्यातला एकही माणूस त्या गल्लीत कधी पाय टाकत नव्हता.

"अन् बाई?" धनराजनं विचारलं.

बाईचा विचार मंडळानं केला नाही असं म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही! तिच्यासाठी स्वतंत्र परिपत्रक काढलं. डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधावा, म्हणजे मागून हल्ला होत नाही. हातात काठी ठेवावी. वाकू नये. आणि सर्वात महत्त्वाचं, गल्लीतून येताना सतत मोठ्यानं ओरडत यावं, म्हणजे मित्रकिडीला आपली चाहूल लागून ती बाजूला होते. मुखवटा मंडळाच्या खर्चानं दिला. गोंडस होता, मिशीवाला.

सुगंधाबाईनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे काय करू मी? मले तोंड हाय ना एक. गेट उघडा म्हनलं, तर मुखवटा देऊन राह्यले! काऊन जी, मी गेटातून आली तर गेट बाटते का तुमचं?"

"सुगंधा, निसर्गाशी जुळवून घ्यायला शिक," ज्योत्स्नाताई प्रेमानं म्हणाल्या.

"मग तुमीच या ना उद्या माह्यासंग गल्लीनं. जुळवून घेऊ दोघी."

मोठ्यांशी बोलायची रीत म्हणून काही असते. सुगंधाबाई दुसऱ्या दिवसापासून मुखवटा न बांधताच आली, पण ओरडत मात्र आली. पहिले काही दिवस मोबाईलवर गाणी लावून, मग त्यात स्वतःचा आवाज मिसळून. शब्द मंडळाविषयी होते, तरी आवाज भरपूर असल्यानं आम्ही हरकत घेतली नाही. जाम पिकत होते. इतका गोड बहार कॉलनीत पूर्वी झाला नव्हता.

त्या बुधवारी तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. मी तेव्हा दात घासत होतो. ज्योत्स्नाताई तुळशीला पाणी घालत होत्या. गुणवंतराव प्राणायामात होते, त्यांनी तर डोळे न उघडताच मान डोलावली. परिपत्रकाचं इतकं मनापासून पालन होताना पाहून बरं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. आवाज बराच वेळ येत होता. मग थांबला.

थोड्या वेळानं ती पुढच्या गेटावर आली. उजव्या खांद्याचं पातळ फाटलेलं, हात लोंबत असलेला, पायापर्यंत रक्त. बादलीनं बिबटाच्या तोंडावर मारून मारून सुटली होती. वॉचमन नवीन होता. त्यानं नियमाप्रमाणे तिला मागच्या गल्लीनं यायला सांगितलं.

ती तिथंच बसली, गेटाला टेकून. तिला दवाखान्यात कोणी नेलं? टोलीतल्या ऑटोवाल्यानं. आमच्या गाड्या बाहेर काढायला अडचण होती, कारण गेटात ती बसलेली होती.

ती वाचली. पुढं ब्रह्मपुरीहून चंद्रपूरला नेलं. टाके पडले, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आता. त्यामुळे वरच्या फळीवरची भांडी ती काढू शकत नाही, आणि या कामाला वरच्या फळीशिवाय भागत नाही. मंडळानं तिला शाल आणि श्रीफळ देऊन तिचा सत्कार करायचं ठरवलं होतं. ती आली नाही. निरोप तेवढा आला, तोही छापण्यासारखा नाही.

वनखात्यानं मग आमची परवानगी न विचारता झुडपी जंगलात पिंजरा लावला, आत शेळी बांधली. शेळी धष्टपुष्ट झाली आहे. मादीला परसात एखाददुसरं चुकार वानर मिळत असताना ती पिंजऱ्यात कशाला शिरेल? सुगंधाबाईच्या जागी तिची मुलगी मोनाली येते. कॉलेजात शिकते, सकाळचा एक तास बुडवून भांडी करते. हुशार आहे, परिपत्रक तिला एकदाच वाचून समजलं. येते अर्थातच मागच्या गल्लीनं. आवाज मात्र आईसारखा नाही, फार बारीक आहे. सुधारेल.

गेल्या महिन्यात आम्ही जामांचं प्रदर्शन भरवलं. नागपूर, वरोरा, पार पुण्याहूनही निसर्गप्रेमी आले. हा सगळा वृत्तांत मी तिथं फलकावर लिहून लावला होता, आत्ता तुम्ही वाचलात तसाच, काही न लपवता. लोक थांबून वाचत होते. काहींच्या डोळ्यांत पाणीही आलं. मग ते टेबलाजवळ यायचे, जामाची फोड उचलायचे आणि तोंडात टाकण्याआधी प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा. तुमच्याही ओठावर तोच आहे, तेव्हा संकोच नको. नाही हो, औषध अजिबात मारलेलं नाही. घ्या, मीठ-तिखट लावून घ्या.