गरुडरावांचा एट-के टीव्ही

गरुडराव हे नाव आपल्याला लोकांनी दिलं, असं ते सांगत. खरं म्हणजे ते त्यांनी स्वतःच दिलं होतं आणि लोकांना वापरायला लावलं होतं. धंदा चष्म्यांचा, वय बावन्न, आणि डोळ्यांवर मात्र काच नाही! दुकानात कोणी डोळे तपासायला आलं की आधी हे खुर्चीशेजारी उभे राहत आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ एका दमात म्हणून दाखवत. त, घ, म, ध, ख. गिऱ्हाईक थक्क व्हायचं आणि एकाच्या जागी दोन चष्मे करून घ्यायचं. तो तक्ता सव्वीस वर्षं त्याच भिंतीवर होता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. गरुडरावांच्या तर नाहीच नाही.

असा माणूस टीव्हीच्या दुकानात शिरला. शेजारी शेजारी दोन पडदे होते, दोन्हींवर एकच पोपट. विक्रेता बिचारा सरळ माणूस होता. तो म्हणाला, डावा फोर-के, उजवा एट-के, म्हणजे चित्राचे ठिपके आणखी बारीक; पण घरात सोफ्यावर बसून बहुतेकांना यातला फरक कळत नाही, साहेब.

बहुतेकांत आपली गणती व्हावी हे गरुडरावांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. डावीकडे एक हिरवा पोपट दिसला, उजवीकडेही एक हिरवा पोपट दिसला.

"जमीनअस्मानाचा फरक आहे," ते म्हणाले, आणि उजवा घेतला.

घरी बायकोनं एकच विचारलं, जुना बिघडलाय का? तो बिघडला नव्हता. ती घरच्या घरी कपडे शिवायची आणि तिचं मशीन गेली अकरा वर्षं बैठकीच्या खिडकीशी होतं, कारण काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर उजेड लागतो. नव्या टीव्हीला नेमकी तीच भिंत हवी होती. मशीन स्वयंपाकघराच्या दाराआड गेलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून चहाचा कप जरा जोरात ठेवू लागली.

बोलला तो तिचा धाकटा भाऊ. तो बँकेत कॅशियर होता आणि नोट हातात घेताच खरी-खोटी सांगायचा, त्यामुळे त्यालाही आपल्या नजरेबद्दल थोडा अभिमान होता. भाऊजी, हा पैसा पाण्यात गेला, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मग ठरलं ते असं: दुकानदार दहा दिवसांत टीव्ही परत घेतो. रविवारी नवा आणि जुना शेजारी शेजारी लावायचे. पाहुण्यांना फरक दिसला तर टीव्ही राहील. नाही दिसला तर टीव्ही दुकानात आणि मशीन खिडकीत.

मधल्या दिवसांत गरुडराव नुसते आनंदात न्हाऊन निघाले. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या पापण्यांचे केस मोजता येतात, असं ते दुकानात येईल त्याला सांगत. बायको एकदा भीत भीत म्हणाली, "अहो, जरा धुरकट वाटतंय का हो?"

"डोळ्यांना सवय व्हावी लागते," गरुडराव म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलंच होतं. महिन्यापूर्वी त्यांच्या शाळेतल्या जुन्या बाई नवा चष्मा घेऊन गेल्या होत्या, तेव्हापासून तीनदा तक्रार घेऊन आल्या होत्या. बाईंचं वय ऐंशीच्या घरात. रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय त्या आंघोळीला जात नसत, आणि आता चौकोनच तिरपे दिसतात म्हणत होत्या. तिन्ही वेळा गरुडरावांनी त्यांना सवयीचं तेच वाक्य ऐकवलं. तिसऱ्या वेळी वर हेही म्हणाले, की बाई, आता वयही झालंय. बाईंनी कोडं सोडवायचंच सोडून दिलं.

रविवारी बाईंनाही बोलावणं होतं. ज्यांनी आपल्याला अक्षर ओळखायला शिकवलं त्यांनी आपला टीव्ही पाहावा, ही गरुडरावांची फार इच्छा. बाई, मेव्हणा, बायको सोफ्यावर बसले. दोन्ही पडद्यांवर एकच कार्यक्रम लागला. तळ्याकाठी एक बगळा उभा होता. गरुडराव हातात लाकडी पट्टी घेऊन मध्ये उभे राहिले.

"डावीकडे नुसता बगळा आहे," ते म्हणाले. "उजवीकडे पिसान् पीस वेगळं. चोचीवरचा पाण्याचा थेंब बघा!"

सगळ्यांनी दोन्हीकडे निरखून पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "अरे, मला तर जुन्यातला बगळा जास्त स्वच्छ दिसतोय. नव्यात धुकं आहे."

आता मेव्हण्यासमोर हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय? गरुडराव हसले, आणि ते हसणं त्यांना पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

"बाई, धुकं टीव्हीत नाही, तुमच्या डोळ्यांत आहे. चष्मा मी अगदी बिनचूक केलाय. पण वयापुढे मी तरी काय करणार?"

बाईंनी मान खाली घातली. बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी नजर बगळ्याकडे वळवली. मेव्हणा मात्र उठला, नोट तपासावी तसा पडद्याच्या कोपऱ्याला अंगठा घासला, नखानं काहीतरी पकडलं आणि ओढलं.

चर्रर्र आवाज झाला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत प्लॅस्टिकचा दुधी पापुद्रा सोलून निघाला. टीव्ही बसवणाऱ्या माणसानं जाताना तो काढायला सांगितलं होतं, पण तेव्हा गरुडराव त्याला मानवी डोळ्याची रचना समजावून सांगत होते.

"भाऊजी," मेव्हणा तो पापुद्रा हातात लोंबता धरून म्हणाला, "या पापुद्र्यातून थेंब दिसला तुम्हाला?"

मी तुमची परीक्षा घेत होतो, असं गरुडरावांनी म्हणून पाहिलं. ते इतकं हळू निघालं की त्यांनाच नीट ऐकू आलं नाही. मेव्हणा हसला असता तर बरं झालं असतं. पण तो बाईंकडे बघत होता, आणि बाई आपला चष्मा काढून हातात घेऊन बसल्या होत्या.

"मग माझा चष्मा?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गरुडरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको त्यांच्याबरोबर दुकानात आली. आधी एकटी आत गेली, मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि खालची ओळ वाचा म्हणाली. तक्त्याच्या वरच्या ओळींवर तिनं कापड टाकलं होतं. गरुडरावांनी घसा साफ केला. "त, घ, म, ध, ख."

बायकोनं त्यांना हाताला धरून तक्त्याजवळ नेलं. तिनं तक्ता उलटा टांगला होता. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती, नुसते आकडे होते.

त्या दिवशी गरुडरावांनी गावातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडून, म्हणजे ज्याला ते वर्षानुवर्षं नवशिका म्हणत आले होते त्याच्याकडून, डोळे तपासून घेतले. लांबचाही नंबर निघाला, जवळचाही निघाला. चष्मा तयार होऊन आला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी बाईंच्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी काढून पाहिली. काच कुठल्या कोनात बसवायची तो आकडा इंग्रजी अंकांत 80 होता. त्यांनी तो 30 वाचला होता. वय बाईंचं झालं नव्हतं, किंवा झालंच असेल तर कोड्यापुरतं तरी झालं नव्हतं.

तोवर दहा दिवसही संपत आले होते. पण पापुद्रा काढलेला टीव्ही दुकानदार परत घेत नाही. हे कळल्यावर मेव्हणाही जरा ओशाळला. शेवटी बायकोनं निकाल दिला. मशीन खिडकीत आलं, जुना टीव्ही आपल्या जागी गेला, आणि एट-के चष्म्याच्या दुकानात तक्त्याच्या जागी लागला. रोज सकाळी ती त्यावर नवी अक्षरं लावते आणि पहिली तपासणी मालकाची होते. घरी चष्मा लावून गरुडरावांनी जुन्या टीव्हीवर तोच कार्यक्रम पुन्हा पाहिला, तर बगळ्याच्या चोचीवर खरंच पाण्याचा थेंब होता.

बाईंची नवी काच त्यांनी स्वतः घासली, तीनदा मोजली आणि स्वतः घरी नेऊन दिली. दारातच म्हणाले, "बाई, चूक माझी होती. तुमच्या डोळ्यांची नव्हती, वयाचीही नव्हती. सगळ्यांसमोर बोललो, त्याची फार लाज वाटते."

बाईंनी चष्मा लावला. वर्तमानपत्र उघडलं, कोड्यावरून बोट फिरवलं, तीन नंबरचा आडवा शब्द भरला. मग मान वर करून त्यांनी या जुन्या विद्यार्थ्याकडे प्रथमच नीट पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"माफ केलं," त्या म्हणाल्या. "आता तुझ्या उजव्या काचेवरचं ते कंपनीचं स्टिकर काढ."