अळ्यांचा बटवडा

"महिनाअखेर इथं फुलपाखरं दिसली नाहीत, तर फरश्या घालून स्कूटरी लावणार," सोसायटीच्या सेक्रेटरींनी नर्सबाईंना बजावलं.

फाटकाजवळच्या त्या मातीच्या पट्ट्यात नर्सबाईंनी वर्षभर जीव ओतला होता. फुलपाखरांना मधासाठी इथल्याच मातीतली कोरांटी आणि तेरडा. अंडी घालायला एक लिंबाचं झाड. सकाळी ड्यूटीला निघताना त्या सासऱ्यांना सांगत, "बाबा, झाडांना जपा हं."

सासरे निवृत्त पोस्टमन. सांगितलेलं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कोरांटी फुलली, तेरडा फुलला, वाऱ्यानं वाटा झाडून ठेवल्या; पाहुणा मात्र कुणाच्या नजरेस पडेना. महिना सरला. सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन हजर.

"कुठायत तुमची फुलपाखरं? रजेवर?" म्हणत ते पट्ट्याच्या पार टोकाला जाऊन मापं घेऊ लागले.

नर्सबाईंचे डोळे भरले. "साधी अळीसुद्धा दिसली नाही हो, बाबा."

"दिसेल कशी? रोज वेचत होतो की मी!" सासरे छाती फुगवून म्हणाले. "पानं कुरतडत होत्या मेल्या."

"बाबा! अहो, त्यांचीच फुलपाखरं होतात!"

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "मारल्या नाहीत गं. डब्यात घालून पोचत्या केल्या. लिंबाच्या अळ्या लिंबावरच जायला हव्यात ना? दुसरं लिंबाचं झाड अख्ख्या इमारतीत एकाच घरी..." त्यांनी हळूच तळमजल्यावरच्या गॅलरीकडे बोट केलं. गॅलरी सेक्रेटरींची.

तेवढ्यात तिथूनच हाक आली. "अहो, ऐकलंत का! आपल्या लिंबाला पान उरलं नाही, आणि कुंडीतनं फुलपाखरं निघतायत!" सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज टिपेला गेला होता.

चार काळी-पिवळी फुलपाखरं कठड्यावरून तरंगत आली आणि थेट कोरांटीवर बसली. सेक्रेटरींच्या हातून मोजपट्टी सर्रकन गुंडाळली गेली.

"आमची आहेत ही," ते कुजबुजले. "आमच्या घरची."

"मग फरश्या कधी घालताय?" नर्सबाईंनी विचारलं.

"काहीतरीच काय बोलता? मग ही खातील काय? फरश्या?"

सासरे खरं सांगायला पुढं सरसावले. नर्सबाईंनी त्यांच्या पायावर अलगद पाय ठेवला.

जाता जाता सेक्रेटरी वळले. "आणि बाई, झाडांना पाणी वेळेवर घालत जा. आमची उपाशी राहायला नकोत."

"बरं, साहेब," नर्सबाई मान खाली घालून म्हणाल्या.