पडदा नव्हे, काठ

सावली गावच्या दवाखान्यातले आमचे डॉक्टर नमस्काराला उत्तर देण्याआधी माणसाचे कान पाहत. मग समाधानाने म्हणत, "नाई जुळत. डावा लहान आहे तुझा." एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या सरकवून कान तपासले. पन्नाशीतला हा माणूस एकटा राही, आणि खिडकीला पडदा म्हणून बाईचे हिरवे लुगडे टांगे. ते एकोणीसशे पन्नासचे दशक होते. गावाने त्यांना चावट ठरवून टाकले. हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहिणे.

माझे लग्न झाले आणि पहिल्या रात्री चादर कोरी राहिली. आईने सकाळी ती उजेडात धरली आणि सुनेची, कमलची, पेटी बाहेर काढली. मी शाळामास्तर, म्हणजे शिकलेला. म्हणून कमलला माहेरी धाडण्याआधी खात्री करायला डॉक्टरांच्या घरी गेलो.

"तपासून सांगा, पडदा होता का नाही."

"मास्तर, पाळी येते तिले?"

"येते."

"मंग बंद पडद्यातून कशी येते गा?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"पडदा नाई तो, काठ आहे. लुगड्याले असते तसा, योनीच्या दाराशी, पातळ कातडीचा. कोणाचा बांगडीवानी गोल, कोणाचा चंद्रकोरीवानी, कोणाचा चाळणीवानी. एखादीले मधात पट्टी, बटनाले दोन भोकं असतात तशी. एखादीले जन्मतः नावालेच. क्वचित कोणाचा बंद असला तर पाळी अडते, चिरा द्यावा लागते. बाकी तो ताणते, कित्येकींले रक्त येतच नाई. पाहून कोणत्याच डॉक्टरले काई सांगता येत नाई. तुझे दोन कान जुळत नाईत, अन् साऱ्या बायांचं एकसारखं पाह्यजे तुले?"

"आई ऐकायची नाही," मी पुटपुटलो.

डॉक्टरांनी प्रथमच कान सोडून माझ्या डोळ्यांत पाहिले.

"माझ्याही आईनं नाई ऐकलं. ऐकलं नाई कायचं, मी बोललोच नाई. परीक्षेत हे सारं चित्रासकट लिहून आलो होतो." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "बायकोची पेटी घाईत भरली. हे राहून गेलं."

घरी येऊन मी पेटीवर बसलो, तो आई थकेपर्यंत उठलो नाही.

गाव मात्र लुगड्यावर हसतच राहिले. लुगड्याची खरी गोष्ट गावाला सांगितली असती, तर मी डॉक्टरांकडे कशाला गेलो होतो, तेही सांगावे लागले असते.

लुगड्याची गोष्ट कमललाही ठाऊक नव्हती. विटलेले लुगडे पाहून कळवळून तिने एकदा पडद्याचे नवे कापड नेऊन दिले. डॉक्टरांनी तिचे कान पाहिले आणि हसून कापड परत केले.

"राहू दे बाई. याचा काठ अजून शाबूत आहे."