सासूबाईंच्या खोलीतले सात रंग

पांढऱ्या उजेडात सात रंग असतात हे दाखवायला शाळा कशाला हवी? मी आहे की! चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीत आहे. गाडीचा रंग एका नजरेत पास-नापास करणारा माणूस!

म्हणून रविवारी सकाळी सहावीतल्या सलोनीला मी म्हणालो, "पुस्तक मिट! तुला भिंतीवर इंद्रधनुष्य पाडून दाखवतो!"

आमच्या थेरगावच्या फ्लॅटमध्ये सकाळी हॉलभर ऊन असतं. उन्हात पाण्याने भरलेली परात ठेवली, पाण्यात दाढीचा आरसा तिरका टेकवला. आरशावरून उजेड उलटला की रंग सुटे! पण छतावर नुसता पांढरा डाग थरथरू लागला, कढईत सोडलेल्या अंड्यासारखा.

"बाबा, हा तर पांढराच आहे."

मी आरसा वळवला, परात सरकवली. पाणी डचमळलं. रंग काही येईनात!

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, "पद्मजाऽ! अगं, मला रंग दिसायला लागलेत!"

आत माझ्या सासूबाई पडून होत्या. परवाच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "डोळ्यांपुढे रंग दिसले, काही चमकलं, तर ताबडतोब आणायचं!" असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पद्मजा कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातूनच ओरडली, "कसले रंग गं आई?"

"तांबडा, पिवळा, हिरवा! आणि नाचतायत मेले!"

मी धावलो. पाय थेट परातीत! हॉलभर पाणी.

"गेले गं! आता काहीच नाही दिसत!"

"काहीच नाही?" पद्मजाने हंबरडाच फोडला.

सलोनीला शेजारी सोडून आम्ही रिक्षात बसलो. डांगे चौकात सगळं शहर आडवं आलेलं. ऑपरेशन आपल्या गावी, बार्शीतच करायचं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. त्यांना हट्टाने इकडे आणलं होतं ते मी! पद्मजा आईचा हात धरून माझ्याकडे पाठ करून बसली होती, आणि ते भांडणापेक्षा वाईट असतं.

मी त्यांच्यासमोर हात धरला. "आई, बोटं किती दिसतात?"

"तीन. नखं कापा ती!"

इतका गोड टोमणा मी जन्मात ऐकला नव्हता! तरीही धाकधूक होतीच. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा बराच वेळ तपासला.

"डोळा उत्तम आहे. रंग कुठे दिसत होते?"

"भिंतीवर. कॅलेंडरच्या बाजूला."

"मान वळवली की?"

"मग कसे दिसतील? भिंत काय माझ्याबरोबर फिरते?"

डॉक्टर हसले. "म्हणजे रंग भिंतीवर होते, डोळ्यात नव्हते. घरात कुणी काही करत होतं का?"

मी टाळीच वाजवली. "म्हणजे माझा प्रयोग जमला! रंग उघड्या दारातून आईंच्या भिंतीवर गेले!"

पद्मजा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मला सातही रंग दिसले, तांबडा जरा जास्तच! मग ती तिथेच बाकावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. मी शेजारी टेकलो, तर तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या बोटांवरची कणीक वाळून कडक झाली होती.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मघाशी भीतीपोटी नीट बघितलेच नाहीत. ऊन आहे तोवर परत पाडा."

परत परात, परत आरसा. या वेळी सलोनी त्यांच्या खोलीतून "डावीकडे! थोडं वर!" असं सांगत होती. आणि उमटले! आम्ही चौघं पलंगावर ओळीने बसून बघत राहिलो.

"काय सुरेख हो!" सासूबाई हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळं धुरकट दिसायचं. आता कसं लख्ख दिसतंय! तुम्ही इथे आणलंत म्हणून."

मी खुशीत पद्मजाकडे पाहिलं.

"त्या हिरव्याच्या वर बघा," सासूबाईंनी बोट दाखवलं.

"निळा ना, आई?"

"कोळ्याचं जाळं! पार जांभळ्यापर्यंत गेलंय. झाडू आणता?"

मी स्टुलावर चढलो. खरं सांगतो, इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी जळमटं काढली नव्हती!