साहेबरावांचा लाल पीएफ

साहेबरावांच्या रहाटणीतल्या घरी योगिनीला मागणी घालायला जाताना निरंजनने लॅपटॉप सोबत नेला, तिथेच सगळं बिघडलं. तसा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. "मुलगा नेमकं काय करतो ते मला दाखवा," असा साहेबरावांचाच निरोप होता. योगिनीने वर बजावलंही होतं, "आज पप्पांकडून होकार घे. रविवारी देहूरोडचा मुलगा येतोय, कारखान्यात परमनंट."

पोहे यायच्या आत साहेबरावांनी विषयाला हात घातला. "हं, काय करता तुम्ही?"

"कंपन्यांची तुलना करणारं सॉफ्टवेअर बनवतो, काका. शेअर घेण्याआधी लोक दोन कंपन्या शेजारी ठेवून बघतात. नफा किती, कर्ज किती."

"मग आमची टाका."

साहेबरावांना कंपनी एकच माहीत होती, चाकणची. तिथे ते पत्रे दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपला होते. तिची बस रोज कोपऱ्यावर यायची आणि तिच्या कँटीनची उसळ बिघडली की घरच्या जेवणालाही ते नावं ठेवायचे. निरंजनने ती कंपनी टाकली आणि हुशारी दाखवायला शेजारी त्याच धंद्यातली दुसरी मोठी ठेवली. आकडे भराभर आले. साहेबरावांच्या कंपनीचा पहिलाच आकडा लाल होता.

साहेबरावांचा चष्मा टीव्हीपाशी राहिला होता. डोळे बारीक करून ते स्क्रीनजवळ गेले. "पी... एफ," त्यांनी वाचलं. "आमचा पीएफ लाल कशानं?"

"पीएफ नाही, काका. पीई आहे ते. शेअरचा भाव कमाईच्या किती पट, तो आकडा."

"पण लाल का?"

"म्हणजे दुसरीपेक्षा शेअर महाग आहे, एवढंच. पीएफ नाही."

"पीएफ नाही," साहेबराव सावकाश म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो हे निरंजनच्या लक्षात येईपर्यंत त्यांचा फोन कानाला लागलाही होता. "दत्तोबा, कुठपर्यंत आलाव? सॉफ्टवेअरमधी आलंय बघ. आपला पीएफ नाही म्हणतंय."

दत्तोबा म्हणजे युनियनचा माणूस, आणि तो त्या वेळी पहिली शिफ्ट सुटून घरी निघालेल्या बसमध्ये बसलेला. अशा माणसाला अशा वेळी असा फोन करू नये. काळेवाडीकडे निघालेली बस त्याने ड्रायव्हरला सांगून साहेबरावांच्या गल्लीकडे वळवली. ती गल्लीच्या तोंडाशी अडकली, मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले आणि अख्खी शिफ्ट जिना चढून साहेबरावांच्या हॉलमध्ये आली. जावयासाठी केलेल्या पोह्यांची परात योगिनीच्या आईने, कस्तुराबाईंनी, बाहेर आणली.

"कुठं हाय त्यो पीएफ?" दत्तोबाने विचारलं.

"पीएफ नाही हो," निरंजन म्हणाला.

"त्येच इचारतोय. कुणी खाल्ला?"

"कोणीच नाही. हा पीएफचा आकडाच नाही."

"आकडाच न्हाई? मंजी पार साफ केला व्हय?"

निरंजनने कपाळावर हात मारला. त्याने भाव सांगितला, कमाई सांगितली, एकाला दुसऱ्याने भागून दाखवलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पीएफ नाही" म्हटलं, आणि दर वेळी हॉलमधला आवाज वाढत गेला. कोणीतरी कारखान्याचं गेट बंद पाडायची भाषा सुरू केली. एकाने तर लॅपटॉपच जप्त करा म्हणून सांगितलं. इतकी वर्षं शिकून शेवटी आपल्याला 'नाही' या शब्दाने बुडवावं, या विचाराने निरंजनला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी कस्तुराबाईच पुढे झाल्या. "अहो, हा चष्मा घाला आणि मग बोंब मारा."

साहेबरावांनी चष्मा लावला. त्यांनी त्या अक्षरावर बोट टेकवलं. "खाली अजून एक रेघ आहे," ते पुटपुटले. "एफ नाही. ई आहे."

"ई हाय?" दत्तोबा म्हणाला. "मग ईचं काय बी हू द्या. चला रं."

शिफ्ट जिना उतरली. परातीत दाणाही उरला नव्हता. साहेबराव ओशाळून खुर्चीत बसले आणि प्रथमच निरंजनकडे मायेने पाहून म्हणाले, "मुलगा थंड डोक्याचा आहे. एवढं झालं, पण तोंडातून वाकडा शब्द नाही. मला पसंत आहे."

योगिनी दारात हसली. निरंजनने सुटकेचा श्वास सोडला आणि लॅपटॉप मिटला.

"एकच विचारायचं राहिलं," साहेबराव म्हणाले. "तुमच्या कंपनीत पीएफ किती कापतात?"

निरंजनने योगिनीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या ऑफिसात माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पगार येतो हेच तिथे मोठं समजत. संध्याकाळभर घसा फोडून सांगितलेले दोन शब्द आता त्याच्या तोंडून निघता निघेनात.

"पीएफ नाही, काका."

साहेबराव उठले, गॅलरीत गेले आणि कठड्यावरून खाली वाकले.

"दत्तोबा, बस थांबव. वर ये परत."