उलटा हात

हाईमभाऊ कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. दाराची कडी, चहाचा ग्लास, बसचा दांडा, भाजीवाल्याकडची वांगीसुद्धा. घरात शिरताना चौकटीवरच्या मेझुझाला, देवाचं नाव असलेल्या डबीला, आम्ही बोटं टेकवून ती ओठांना लावतो. हे तिथेही पंजाची मागची बाजू टेकवायचे.

"देवाच्या नावातही करंट असतो का हो?" मी एकदा विचारलं.

"असला तर उलटा हात झटकला जातो, एस्तेरबाई. सुलटा चिकटून बसतो. गोदीत चिकटलेला माणूस पाह्यलाय मी."

मुंबईच्या गोदीत वायरमन, इथे, आम्हा ज्यूंच्या देशात येऊन किर्यात गातच्या गिरणीत वायरमन, आणि रिटायर झाल्यावर अश्केलोनच्या आमच्या बिल्डिंगीत फुकट वायरमन. त्यांचं दार माझ्या दारासमोर.

त्यांच्या फ्लोराबाई एका शुक्रवारी पहाटे गेल्या. मुलगी याएल लंडनला. ती फोनवर रडत होती, "अब्बा, थांब, मी येते." पण ती पोचेपर्यंत संध्याकाळ होऊन शब्बाथ लागला असता, त्यात माती देत नाहीत, मग थेट रविवारी. हाईमभाऊ थांबले नाहीत. दुपारच्या आत सगळं उरकलं. उचलायच्या आधी त्यांनी बायकोच्या कपाळाला हात लावला. उलटा. आणि मी, साठीची शहाणी, शेजारणीच्या कानात कुजबुजले, "बघ, तिथंही करंट तपासतोय." आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

याएलनं बापाशी बोलणं टाकलं. फोन केला की ठेवून द्यायची. अकरा महिने गेले. हाईमभाऊंनी बिल्डिंगीतले दिवे दुरुस्त केले, स्वतःच्या घरात मात्र एकच लावायचे.

मग एके दिवशी तिचा फोन माझ्याकडे आला. "एस्तेरआंटी, अब्बाला सांग, शुक्रवारी बाराला आईचा लॅपटॉप लाव. फोनवर नको. मला त्याचं तोंड बघून एक विचारायचंय. एकदाच."

आईचा लॅपटॉप म्हणजे तिनंच आईशी बोलायला आणून ठेवलेला. तिच्या माघारी तो माझ्याकडे होता. मी स्वतःला भारी मॉडर्न समजायची. त्यावर एकटी पत्ते खेळायची.

शुक्रवारी दहा वाजता मी तो त्यांच्या टेबलावर आणून ठेवला, त्यांनी वायर लावली. लॅपटॉपचा दिवा लागेना. बॅटरी कधीच मेलेली, वायर असेल तरच तो चालायचा. दुकानात विचारलं तर नवा चार्जर रविवारी.

"रविवार," हाईमभाऊ म्हणाले. उठून त्यांनी गोदीच्या वेळचा, वीज मोजायचा मीटर काढला.

चार्जरच्या ठोकळ्यावर हिरवा दिवा होता, वायरच्या टोकाला शून्य. म्हणजे मधेच कुठेतरी तुटलेली. बोटांनी वायर चाचपत ते पिनेच्या मानेशी थांबले.

"इथे. कुणीतरी रोज ठोकळ्याभोवती आवळून गुंडाळत होतं."

मीच. लोकरीच्या गुंड्यासारखी, फार अभिमानानं.

"हल्ली वस्तूच हलक्या येतात," मी म्हटलं.

"तर. गुंडाळणाऱ्याचा काय दोष?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

त्यांनी भिंतीतून प्लग काढला, मोडलेला तुकडा कापला, ब्लेडनं पिनेचं रबर चिरलं. आत मधोमध एक तार, तिच्याभोवती बारीक तारांची जाळी. "ह्या दोन एकमेकींना चिकटल्या की खलास." गिरणीतल्या बड्या मोटारी दुरुस्त केलेले हात! पण दोनदा जोडावरचं वितळलेलं सोल्डर सांडलं, तिसऱ्यांदा धरलं. टेप गुंडाळली. प्लग परत लावला, मीटरचा काटा एकोणीस व्होल्टवर गेला. लॅपटॉपला लावलं, दिवा लागला. वायर जरा हलली, गेला.

"धरा," ते म्हणाले. "हलू नका."

बाराला मी टेबलाशी वाकून वायर धरून बसलेली असताना पडद्यावर याएल आली. केस पिकायला लागले होते पोरीचे.

"लामा, अब्बा?" तिनं हिब्रूत विचारलं. "का नाही थांबलास?"

हाईमभाऊंनी मीटर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "रविवारपर्यंत तिला मयतांच्या त्या गार खोलीत ठेवू? तुझी आई एक रात्र तरी एकटी झोपली होती का?"

याएल पडद्याच्या अगदी जवळ आली.

"कपाळाला हात लावला होता मी. उलटा. म्हटलं, झटकला जाऊ दे. जाऊ दे झटकला." त्यांनी नाक पुसलं. "काहीच नव्हतं ग."

माझा हात भरून आला होता, पाठीत कळ येत होती. हलायची छाती नव्हती.

याएल रडत होती. रडता रडता तिनं कॅमेऱ्यासमोर आपला पंजा धरला. हाईमभाऊंचा हात पडद्याकडे गेला. सवयीप्रमाणे, उलटा.

"करंट आहे का, अब्बा?" तिनं विचारलं.

त्यांनी हात सुलटा केला, आणि पडद्यावरच्या तिच्या पंजावर तसाच ठेवला.