चिचटोल्याचा राजीनामा

तेजराम लांजेवार रोज सकाळी आंघोळीला परक्या हद्दीत जायचा. खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी घेऊन तो चिचटोल्यातून निघायचा, जकातीचा चुंगी नाका ओलांडून बालाघाट शहरात शिरायचा आणि आपल्या साडूच्या, म्हणजे शालिकरामच्या न्हाणीत नळाखाली जाऊन बसायचा. नाक्याच्या अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे नगरपालिका. दोन घरांत अंतर जेमतेम चारशे पावलांचं. पण तेजरामच्या मते अंतर पावलांत मोजायचं नसतं, करांत मोजायचं असतं.

अंगाला साबण लावता लावता तो आतूनच चौकशी सुरू करायचा. घरपट्टी किती आली, पाणीपट्टी वाढली का, दिवाबत्तीचं काय, नाली सफाईचं वेगळं घेतात की त्यातच. शालिकराम ओट्यावर दाढी करत निमूटपणे आकडे सांगायचा आणि प्रत्येक आकड्यावर आतून एक हळहळ ऐकू यायची. चिचटोल्यात हे काही नव्हतं. तिथे एकच घरकर, आणि तो मागायला पंचायतीचा सचिव वर्षातून एकदा लाजत लाजत यायचा. तेजराम स्वतः पंच असल्यामुळे त्याच्याकडे तर तो सगळ्यांत शेवटी यायचा. शालिकराम उलट बाजूने मोजायचा: दारात नळ, खांबावर दिवा, दोन दिवसांआड झाडूवाला. त्यावर तेजराम म्हणायचा की आमच्याकडे मोकळी हवा आहे आणि तिच्यावर अजून कोणी कर बसवलेला नाही. मग तो शालिकरामच्याच पाण्याचा, शालिकरामच्याच दुधाचा चहा पिऊन घरी परतायचा आणि सायकलीवर टांग टाकून भरवेलीच्या खाणीकडे हजेरी घ्यायला पळायचा.

पळायचा म्हणजे खरोखरच पळायचा. एका जागी बसणं हे त्याच्या प्रकृतीत नव्हतं. जेवतानासुद्धा तो दोनदा उठून दाराबाहेर बघून यायचा. तुमसरच्या शाळेत मराठी सातवीपर्यंत शिकलेला हा गडी खाणीत नोकरीला आला, तिथे मजुरांच्या तोंडून हिंदी शिकला आणि लवकरच आपल्याला हिंदी येते अशी त्याची पक्की समजूत झाली. ती खोडून काढण्याची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

त्या उन्हाळ्यात बातमी आली की चिचटोला शहराच्या हद्दीत घ्यायचं सरकारच्या मनात आहे. तहसिलीतून एक साहेब येणार, शाळेत सुनवाई होणार, पंचांचं मत लिहून घेणार. पंच सात. तिघांना शहर पाहिजे होतं, तिघांना नको होतं. सातवा तेजराम.

त्याचं मत ठरलेलं होतं. शहरात गेलो की नळपट्टी, दिवापट्टी सगळं आलंच. शिवाय रोज न्हाणीतून ज्याची कीव केली त्या साडूच्याच रांगेत कर भरायला उभं राहायचं, ही कल्पना त्याला सहन होण्यासारखी नव्हती. अडचण एकच होती आणि ती घरात होती. चिचटोल्याची विहीर चैत्रातच तळ दाखवायची. तेव्हापासून पावसापर्यंत त्याची बायको सत्यभामा दीड मैलावरच्या बगिच्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. आंघोळीला नवऱ्याला साडूचा नळ होता. स्वयंपाकाला, धुण्याला, गाईला तिची मान होती.

तिने भांडण केलं नाही. सुनवाईच्या आदल्या सकाळी हंडा उतरवून तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला.

"पाहा," ती म्हणाली. "चुंबळीखाली टक्कल पडून राह्यलं. उद्या तुमी नाही म्हनाल तर म्हना. मंग परवापासून हंडा तुमचा."

"मी पंच हावो," तेजराम म्हणाला.

"हौ. पंचानं आनलेलं पानी गोड लागंल."

त्या दिवशी तेजरामने अंगणात किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब नाही. हो म्हणावं तर साडूपुढे नाक कापलं जाणार, नाही म्हणावं तर भर गावातून डोक्यावर हंडा घेऊन चालावं लागणार. खाणीत त्याने तीन माणसांच्या हजेऱ्या चुकवल्या. संध्याकाळी त्याने हिंदीत भाषण तयार केलं आणि ते गाईला म्हणून दाखवलं.

सुनवाईला सगळा टोला, सगळी वस्ती, लोटला. साहेब तिकडे ग्वाल्हेरकडचे होते. त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी बाबूलाल नावाचा कारकून दौत-टाक घेऊन बसला होता. सहा पंचांची मतं तिनाला तीन अशी पडली आणि सगळ्यांचे डोळे तेजरामवर आले. त्याने भाषण सुरू केलं. नगरपालिकेचे कर, ग्रामपंचायतीचा कर, हवा, स्वाभिमान असं करत करत तो रंगात आला. शहराच्या सुविधांची चिचटोल्याला काडीची गरज नाही, असं त्याने ठासून सांगितलं.

दुर्दैवाने मजा बघायला शालिकरामही आला होता. तो मागून उठला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "साहब, एक बात पूछना था. हमारे साडभाऊ आज सकाळी आंघोळ कुठी करून आले, तेवढं लिहून घ्या."

शाळेचं छप्पर उडेल एवढा हशा पिकला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शहर नको म्हणणारे तीन पंचही हसले, आणि ते तेजरामच्या जिव्हारी लागलं. ज्यांच्यासाठी आपण घसा फोडतो आहोत तेच दात काढतात म्हणजे काय. त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंचगिरीच सोडली तर? मत द्यायलाच नको. तिनाला तीन होऊन प्रकरण लटकेल, शहर येणार नाही आणि आपण नाही म्हटलं असंही होणार नाही. हंडा टळला, कर टळला, वर इज्जतीने बाहेर पडलो. तो ताठ उभा राहिला.

"लिखो," तो बाबूलालला म्हणाला. "हम राजीनामा देते है."

हशा थांबला. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम मावळल्या. "राजीनामा? सोच लिया?"

"एकदम सोच लिया. सबके सामने देते है. वापस नहीं लेंगे."

बाबूलालने झरझर लिहिलं, तेजरामने न वाचता झोकात सही ठोकली आणि तो छाती काढून बाहेर पडला. साहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला होता, यावरून एका स्वाभिमानी माणसाची सरकारदरबारी किती कदर होते हे त्याला कळलं.

घरी येऊन त्याने सत्यभामेला सांगितलं की मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तेव्हा हंड्याचा करार आपोआप रद्द झाला. ती चुलीपाशी होती. तिने वळून विचारलं, "शब्द कोनता म्हनले तुमी?"

"राजीनामा."

ती पुन्हा चुलीकडे वळली. थोड्या वेळाने तिने शिरा केला. पंचगिरी गेल्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून बिचारी करते आहे, असं समजून तेजरामने तो दोनदा घेतला.

पुढचे दिवस मात्र त्याला चमत्कारिक वाटू लागले. शहर हवं असणारे तीन पंच रस्त्यात थांबून हात जोडायचे. नको असणारे तिघे त्याला बघून बोळ बदलायचे. तुळसाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती भर दुपारी येऊन त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली. पंचगिरी सोडल्यावर माणसाला एवढा मान मिळतो हे माहीत असतं तर आपण कधीच सोडली असती, असं त्याला वाटलं. तरी आत कुठेतरी खुटखुट होती. तो रात्री पाणी प्यायला उठायचा आणि प्यायचं विसरून अंगणात उभा राहायचा.

दिवाळीनंतर एके सकाळी त्याच्या दारासमोर चार माणसं फीत लावून मोजू लागली. मागे बैलगाडीत लोखंडी नळ होते. तेजराम आंघोळीचा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून सायकल घेऊन सुटला तो थेट तहसिलीत.

बाबूलालने शांतपणे फाईल काढली. "आप ही का तो कागज है. राजीनामा. मतलब आप राजी हैं. चार और तीन."

"अरे, राजीनामा म्हंजे सोडलं. पंचगिरी सोडली मी."

"वो तो इस्तीफा होता है, भाई साहब. राजीनामा यानी रजामंदी. साहब ने पूछा भी था, सोच लिया?"

तेजरामला खुर्ची सापडेना. मग त्याला आठवलं की आपण अजून पंच आहोत, कारण सोडलेलंच नाही. तेव्हा पंच या नात्याने आपण हे मत परत घेतो, असं तो म्हणाला. बाबूलालला त्याचं मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. चिचटोला गेल्या सोमवारी शहरात दाखल झालं, तो म्हणाला, आणि त्यामुळे तिथलं पंचपद उरलंच नाही. म्हणजे हिंदीत दिलेला राजीनामाही मंजूर झाला होता आणि मराठीत दिलेलाही.

संध्याकाळी घरी येईपर्यंत तेजरामने टोल्यातल्या सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं होतं. आपण साडूपुढे झुकलो नाही, फक्त भाषेत घसरलो, हे लोकांना कळलंच पाहिजे. दारातून शिरता शिरता त्याने बायकोला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हौ. माह्या बापाचा वावराचा झगडा राजीनाम्यानंच मिटलता, इथल्याच कचेरीत."

"मंग काहून नाही सांगतलं?"

सत्यभामेने त्याच्याकडे नीट पाहिलं. "अठरा वर्षांत पह्यल्यांदा माह्या मनातलं बोलले तुमी. चुकून का होईना. ते खोडाले सांगू का?"

तेजराम पाय आपटत बाहेर आला. लोकांना तरी सांगायचंच होतं.

बाहेर नाक्याकडच्या कोपऱ्यावर, शहराच्या नळाला जोडून, सार्वजनिक नळ दिवसभरात बसवून झाला होता आणि माणूस चाकी फिरवून बघत होता. आधी हवा फुसफुसली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. बायकांनी गलका केला. तुळसाबाईने पहिली ओंजळ तोंडावर घेतली, डोळे मिटून तशीच उभी राहिली आणि मग तेजराम दिसताच ओल्या हातांनीच त्याच्या पायाला वाकली.

"बापू, साऱ्या गावानं हसलं तुमाले," ती म्हणाली. "तरी तुमी आमच्यासाठी हो म्हनले. कसं सुचलं जी तुमाले?"

सगळ्या बायका हंडे धरून त्याच्याकडे बघत होत्या. तेजरामने तोंड उघडलं, मिटलं, टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"सुचलं म्हंजे," तो म्हणाला, "तो शब्द मी लय विचार करून वापरलता."